पिवळी पलटण

मी शिंपीण आहे आणि लढाईतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात मात्र अकराशे शिपाई राहतात. धातूचे, एकेक अंगठ्याच्या पेराएवढा. दोनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा देशात एक मोठी लढाई झाली, तिचं नाव मला आजवर धड उच्चारता आलेलं नाही. त्या लढाईतली एक बाजू आमच्या कपाटात, आणि दुसरी दातवाल्याच्या. दातवाला म्हणजे दातांचा डॉक्टर, ह्यांचा तीस वर्षांचा मित्र, आणि तेवढ्याच वर्षांचा शत्रू. दर वर्षी स्पर्धेला दोघं आपापलं सैन्य डब्यांत भरून नेतात, हिरव्या कापडाच्या टेबलावर मांडतात, फासे टाकतात, टेपने अंतर मोजतात आणि दिवसभर एकमेकांची माणसं मारत बसतात. टेप माझा असतो. आतापर्यंत माझे सात टेप त्या रणांगणावर कामी आलेत.

हे नकाशे काढायच्या कचेरीत होते. चाळीस वर्षं शाईने रेघा मारल्या, एक रेघ कधी हलली नाही. संध्याकाळी घरी आले की त्याच हाताने शिपायांच्या डोळ्यांत बाहुल्या काढायचे. मी खालच्या दुकानात मशीनवर आणि हे वर भिंगाखाली. "त्या मेल्या शिपायांना डोळे काढता, बायकोकडे बघायला डोळे नाहीत," असं मी हजारदा तरी म्हटलं असेल. हे म्हणायचे, "हं."

हिवाळ्यात ह्यांना झटका आला. हलकाच होता, डॉक्टर म्हणाले. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. उजव्या हाताची थरथर काही जाईना. चहाचा कप तोंडापर्यंत नेईस्तोवर अर्धा चहा शर्टावर. हे खिडकीशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच. रंगाच्या टेबलाकडे पाठ करून. मुलीचा फोन आला की "बरा आहे" म्हणायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. दोनाचे चार घास केले तर माझं नशीब.

एक दिवस ह्यांनी दातवाल्याला फोन लावला. मी भाजी चिरत होते, ऐकत होते. "स्पर्धा झाली की ये आणि सगळं घेऊन जा," हे म्हणाले. "एकूणएक शिपाई ने. नवी पलटण अर्धवट आहे, ती न रंगवलेली टेबलावर चालत नाही, नियम तुला माहीत आहे. तिच्याशिवाय माझी मधली फळीच उभी राहत नाही. नाही रे, हात होत नाही आता. संपलं ते." आणि फोन ठेवून दिला.

मला आनंद व्हायला हवा होता. अख्खं कपाट रिकामं होणार होतं, माझी कापडं ठेवायला जागा झाली असती. पण झाला नाही. माणूस तीस वर्षांचा जीव असा फोनवर देऊन टाकतो, तो उद्या खुर्चीतून तरी कशाला उठेल?

दुपारी हे झोपले तशी मी रंगाच्या टेबलाजवळ गेले. पत्र्याच्या डब्यात चोवीस शिपाई होते. तेवीस नुसते करडे, अस्तर दिल्यासारखे. एकच रंगवलेला. पिवळाधमक कोट, निळे कफ, निळी कॉलर, कमरेला ढोल. काय सुरेख काम होतं! बटणाबटणाला टिंब. आता गणवेश म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको, शाळांचे आणि बँडवाल्यांचे मी शेकड्यांनी शिवलेत. एक नमुना मिळाला की बाकीचे तसेच. म्हटलं, ह्यात काय मोठंसं, मीच रंगवते. खाली तो चिकटवलाय कसा हे बघायला म्हणून मी त्याला उलटा केला.

तळाला मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं होती. मी बटणाची काजं करायचा चष्मा लावला. झटक्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती. पुढे लिहिलं होतं, "उजवा हात जड वाटतो. हिला सांगत नाही, उगाच घाबरेल."

मी दोनदा वाचलं. मग कपाट उघडलं आणि हाताला येईल तो शिपाई उलटा करत सुटले. प्रत्येकाच्या तळाला तारीख आणि एखादी ओळ. "मुलगी चार पावलं चालली." "हिचा ताप उतरला." "हिने दुकान सुरू केलं. पाटी मी रंगवली, आवडली नाही." "भांडलो. चूक माझी." हे वाचून तर माझं डोकंच फिरलं. सत्तावीस वर्षांपूर्वीचं भांडण! तेव्हा चार दिवस अबोला धरला होता, आणि "चूक माझी" हे एका घोडेस्वाराला सांगितलं होतं! अहो, मला तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी कपाटाशी बसून रडले, आणि रडता रडता ह्यांना मनसोक्त शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून डबा दुकानात. रिकाम्या रिळांवर मेणाने एकेक शिपाई चिकटवायचा, रीळ बोटांत धरायचं आणि रंगवायचं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा कोट, असेल तेव्हा वाळवण. एक बाई पॅन्टची लांबी कमी करायला आल्या, कातरीजवळची रांग बघून म्हणाल्या, "ही कोण मंडळी?" म्हटलं, "गिऱ्हाईकं. तुमच्या आधी आलीत, थांबा जरा." पहिले तीन शिपाई भुतासारखे झाले, ते धुऊन पुन्हा केले. हळूहळू हात बसला. शेवटी टाका काय नि टिंब काय, श्वास रोखूनच घालायचा असतो. एकेक झाला की कापडावर खुणा करायच्या बारीक पेनाने मीही तळाला लिहीत गेले. ह्यांना जमतं तर मला का नाही? तेविसावा तेवढा कोरा ठेवला. तो वेगळ्या दिवसासाठी होता.

स्पर्धेला आठवडा उरला तेव्हा मी डबा ह्यांच्या मांडीवर नेऊन उघडला. हात लावला तर पडतील म्हणून ह्यांनी हात मागे घेतला आणि नुसतं वाकून बघितलं. एकेक करत चोवीसही बघितले.

"हे तू केलंस?"

"नाही, मांजराने केलं."

"सगळेच पिवळे?"

"नमुन्याबरहुकूम. फरक असेल तर दाखवा."

"अगं, तो ढोलवाला होता!"

"मग?"

"मग काय मग! पलटणीचा कोट निळा असतो आणि कफ पिवळे. ढोलवाल्याचं मुद्दाम उलटं करतात, कोट पिवळा आणि कफ निळे. तोफा सुटल्या की इतका धूर होतो की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. हुकूम ढोलावर द्यायचे असतात. धुरात सेनापतीला तो सापडला पाहिजे, म्हणून त्याचा रंग वेगळा. तू तेवीस ढोलवाले केलेस, आणि एकाकडेही ढोल नाही!"

"मग आधी सांगायचं होतं!"

"कधी विचारलंस तीस वर्षांत?"

मी काहीतरी सणसणीत बोलणार, तेवढ्यात ह्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. पुन्हा झटका की काय! तर हे हसत होते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. पाच महिन्यांत घरात तो आवाज नव्हता. मला इतकं बरं वाटलं की रागच विसरले.

"आणा इकडे, पुन्हा रंगवते," मी म्हटलं.

"खबरदार," हे म्हणाले. "हात लावशील तर. राहू दे अशीच." मग डबा न्याहाळत हळूच म्हणाले, "पण मी जाणार नाही गं. एक शिपाई हलवायला गेलो तर सगळी पलटण आडवी होईल. लोकांसमोर."

"शिपाई मी हलवीन. फासे थरथरत्या हाताने टाकले तरी चालतात. तुम्ही फक्त तोंड चालवा, ते तर शाबूत आहे."

स्पर्धेचं सभागृह शाळेच्या व्यायामशाळेएवढं होतं. वीसेक टेबलं, आणि प्रत्येकावर शेतं, टेकड्या, पूल. मी तिथे पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. दातवाला आला, ह्यांच्या गळ्यात पडला आणि माझ्या कानात कुजबुजला, "वहिनी, गाडीत रिकामे खोके आणलेत. त्याने सांगितलं म्हणून. पण मला रिकाम्या हाती परत पाठवता आलं तर बघा हो." तेवढ्यात पंच आले. हातात गणवेशांचं जाडजूड पुस्तक. पिवळ्या पलटणीपाशी येऊन थबकले.

"अशी पलटण कुठल्याच सैन्यात नव्हती."

"आता आहे," हे म्हणाले. "माझ्या घरच्या शिंपिणीने शिवली."

"रंगकामाचे गुण कापावे लागतील."

"कापा की," दातवाला म्हणाला. "नियमात रंगवलेली हवी एवढंच आहे. कशी ते नाही. चला, फासे काढा."

खेळ सुरू झाला. हे खुर्चीत बसून सांगायचे, "घोडेस्वार डावीकडे सहा इंच," आणि मी टेप लावून सरकवायचे. टेप लावण्यात मला कोण हरवणार? जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही चक्क वरचढ होतो. मग दातवाल्याच्या तोफांनी पिवळ्या पलटणीतले तिघे टिपले. ह्या लोकांचा एक कायदा आहे, जिवंत शिपायाला टेबलावरून उचलायचं नाही. मेलेला मात्र ज्याचा त्याने उचलून डब्यात ठेवायचा. ह्यांनी डाव्या हाताने पहिला उचलला आणि सवयीने उलटा केला.

मी टेप गुंडाळायला लागले. काय लिहिलंय ते मला पाठ होतं. "सोमवार. स्वतः दाढी केली. गाल कापला. मला बरं वाटलं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. ह्यांनी दुसरा उलटला. "आज दोन घास जास्त." तिसरा. "माझ्यावर ओरडले. सुधारतायत."

"तुझी चाल," दातवाला म्हणाला.

ह्यांनी टेबल बघितलं, कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पिवळी पलटण पुढे."

"पुढे? समोर माझ्या बारा तोफा आहेत," दातवाला म्हणाला.

"पुढे म्हटलं ना."

मी पुढे सरकवली. पाच पडले. हे एकेक उचलून चष्म्याजवळ नेऊन वाचत होते. "पुढे." आणखी सहा. मला लढाईतलं कळत नाही, पण एवढं कळलं की हातात आलेली लढाई हे घालवतायत, आणि का घालवतायत तेही कळलं. "अहो, घरी गेल्यावर वाचा," मी दबक्या आवाजात म्हटलं. "तीस वर्षं थांबलो," हे म्हणाले. "पुढे."

एकाचा तळ मात्र ह्यांनी फार वेळ बघितला. त्याच्यावर मी दोन ओळींत कोंबून लिहिलं होतं, "ढोलवाल्याखालचं वाचलं. पुन्हा हात जड वाटला तर मला सांगायचं. घाबरेन. माझं मी बघेन."

"हो," हे म्हणाले.

"हो काय?" दातवाला गोंधळला.

"तुला नाही म्हणालो."

संध्याकाळी पाचला आम्ही सपशेल हरलो. तीस वर्षांत नाही एवढे हरलो, असं पंच म्हणाले. पिवळ्या पलटणीत दोघेच उरले होते, ढोलवाला आणि त्याच्या शेजारचा एक. ह्यांनी तो शेजारचा उलटा केला.

"हा कोरा आहे."

"आजचा दिवस संपला नव्हता," मी म्हटलं. "सांगा, लिहिते."

"पेन दे इकडे."

मी पेन दिलं. ह्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि टेबलावर टेकवलं. जीभ दातांत धरून लिहायला लागले. दातवाल्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. दोन ओळी लिहायला पाच मिनिटं लागली असतील, मी घाई केली नाही. शाई वाळू दिली आणि शिपाई माझ्या तळहातावर ठेवला. अक्षरं वेडीवाकडी, एक बाहेर गेलेलं, एक काठावर लोंबकळणारं. पण वाचता येत होतं.

"हरलो. धुरात ही दिसत होती."

मला बोलता येईना. मला, बोलता येईना! शेवटी म्हटलं, "अक्षर बघा जरा. चाळीस वर्षं नकाशे काढले म्हणे." आणि पदराने डोळे पुसले, सगळ्यांसमोर.

आम्ही डबे भरले. दातवाल्याने विचारलं, "मग, खोके आणू?" हे म्हणाले, "कशाला? पुढच्या वर्षीचं घोडदळ अजून करडंच आहे. चाळीस घोडे." आणि माझ्याकडे बघायला लागले.

"नमुना नीट बघून द्या म्हणजे झालं," मी म्हटलं आणि माझा टेप आठवणीने पर्समध्ये टाकला.