अळणी वरणातला गुळाचा खडा

मित्रांनो, मी एक जुने बीपी मोजायचे यंत्र आहे. तुमच्या घरी बहुतेक बटण दाबले की आकडे दाखवणारे नवे यंत्र असेल. मी तसे नाही. मला कापडी पट्टा आहे, काळा रबरी फुगा आहे आणि एक गोल तबकडी आहे. तबकडीत एकच काटा. दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबून हवा भरायची आणि ती हळूहळू सोडत नळी कानाला लावून ऐकायचे. ठोका सुरू झाला तो वरचा आकडा, ऐकू येईनासा झाला तो खालचा. मला एवढेच येते.

माझा जन्म कुठल्या गावच्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. एका मुलीने काटा शून्यावर परत येतो का हे तीनदा तपासून पाहिले, तेवढे आठवते. पुढची बावीस वर्षे मी पंचफुलाबाईंच्या पिशवीत काढली. पंचफुलाबाई म्हणजे भातकुलीच्या बाजूच्या खेड्यांतून फिरणाऱ्या नर्स. उन्हातान्हात त्या पायी जात. माणूस आधी सावलीत बसवत, पाच मिनिटे बोलू देत नसत आणि मग मला बाहेर काढत. काटा वर दिसला की त्यांचे सांगणे ठरलेले असे. मीठ कमी करा, लोणचे सोडा, पापड सोडा, गोळी चुकवू नका. लोक ऐकत. महिन्याभराने काटा उतरलेला दिसे, आणि कुणी म्हातारा म्हणे की बाईचे मशीन खोटे बोलत नाही. मला फार बरे वाटे. आता वाटते, तेव्हाच आम्हा दोघांना थोडा गर्व झाला असावा.

निवृत्त झाल्यावर बाई अमरावतीला मुलाकडे राहायला आल्या. त्यांचा मुलगा गोपाल कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचा. पहाटे सहाची बॅच, मग आठची, मग दुपारनंतर आणखी तीन. घरी त्याची बायको रागिणी आणि मुलगी दामिनी. सहज म्हणून एका रविवारी बाईंनी मला गोपालच्या दंडाला बांधले. तो तेव्हा चौतीस वर्षांचा होता. वर एकशे बावन्न, खाली शहाण्णव. बाईंनी दोन्ही हातांना बांधून पाहिले, दुसऱ्या दिवशीही पाहिले. काटा तिथेच.

डॉक्टरांनी गोळी दिली आणि घरातल्या मिठाचा ताबा बाईंनी घेतला. लोणच्याची बरणी शेजारी गेली. वरण अळणी झाले, भाजी अळणी झाली. पण दिवसभर फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला अळणी घास उतरेना. आईचा जीव तो. तिने वरणात गुळाचा खडा घातला. दह्यात मीठ नाही म्हणून साखर आली. सकाळी पोहे बंद झाले आणि शिरा सुरू झाला, कारण शिऱ्यात मीठ लागत नाही. क्लासमध्ये तर प्रत्येक बॅचनंतर चहा, कोपऱ्यावरच्या टपरीचा, आधीच गोड करून ठेवलेला. घरचे धरून दिवसाला आठ कप. मीठ सोडले या समाधानात घरातली साखर कधी दुप्पट झाली ते कुणाला कळले नाही.

मित्रांनो, पुढची सात वर्षे मी दर आठवड्याला सांगत होते. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे चोपन्न. एकशे साठ. गोळी एकाची दोन झाली, तरी काटा उतरेना. बाई म्हणत, बाहेर कुठेतरी खारे खात असेल. त्या त्याच्या खिशात शेंगदाण्याची टरफले शोधायच्या. तो हसायचा आणि म्हणायचा, "आई, तू नर्स होती का पोलीस?"

एकदा तो भर दुपारी घामाघूम होऊन घरी आला आणि खुर्चीत बसला. डोके गरगरते म्हणाला. बाईंनी मला काढलेसुद्धा नाही. लो झालं असन, म्हणत त्यांनी पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून त्याला पाजली. आपल्याकडे तसेच करतात. चक्कर आली की बीपी लो, आणि लो झाले की साखर. नंतर मला बांधले तेव्हा काटा एकशे अडुसष्टवर होता. बाई म्हणाल्या, उन्हाने चढले.

रागिणी हे सगळे पाहत होती. ती कमी बोलते, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. नवऱ्याच्या कमरेचा पट्टा दोन भोके पुढे सरकला हे तिने पाहिले. जेवल्यावर तो बसल्या बसल्या झोपतो हेही पाहिले. हट्टाने ती त्याला डॉक्टर उज्मांकडे घेऊन गेली. उज्मा ही गोपाल सरांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने रक्त तपासले, पोटाची सोनोग्राफी केली. साखर अजून मधुमेहात गेली नव्हती, पण उंबरठ्यावर होती. रक्तातली चरबी वाढलेली, यकृतावर चरबी चढलेली. बाईही सोबत होत्या, मी त्यांच्या पिशवीत होते, मी शब्द न् शब्द ऐकला.

"सर, मीठ तुम्ही ताटातून काढलं, पण शरीरातून निघू दिलं नाही," उज्मा म्हणाली. "साखर अशी रोज जास्त झाली की इन्सुलिन वाढतं, आणि ते मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. गोळी एका बाजूनं ओढते, चहा दुसऱ्या बाजूनं. मीठ कमीच ठेवा. पण आता साखरही सोडा."

घरी आल्यावर बाईंनी चप्पलसुद्धा काढली नाही, उभ्या उभ्याच म्हणाल्या, "शुगरवाल्याले साखर बंद, बीपीवाल्याले मीठ. बावीस वर्षं म्या हेच सांगतलं. तुले शुगर हाय का?"

गोपाल नाही म्हणाला.

"मंग?"

रागिणीने वाद घातला नाही. ती कामाला लागली. चहा दोनच कप, तेही बिनसाखरेचे. शिरा बंद. गुळाचा खडा बंद. वरणात लसूण-जिऱ्याची फोडणी आणि वरून लिंबू. नऊ वर्षांची दामिनी साखरेच्या डब्यावर पहारा ठेवी. गोपाल आठ दिवस चिडचिडा झाला, मग सवयीला आला. सहाव्या आठवड्यात माझा काटा एकशे अडतीसवर ठोका ऐकवून गेला, खाली अठ्ठ्याऐंशी. रागिणीने कॅलेंडरवर तो आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या. बाईंनी मात्र माझ्या काचेवर नखाने टकटक केले. जुने झाले, बिघडले असेल, म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर संशय घेतला.

आणि मग धोंड्याचा महिना आला.

दर तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, हे तुम्ही घरी पाहिले असेल. पुरण भरलेले, तुपात बुडवलेले, वर साखर भुरभुरलेले. जावयाने नाही म्हणायची रीत नाही. रागिणीचे माहेर चांदूर रेल्वेचे. तिथे तिची आई भागीरथाबाई, शिवाय दोन काका, एक मामा, आणि प्रत्येकाचे वेगळे बोलावणे. काटा उतरला म्हणून गोपालने गोळ्याही घरीच ठेवल्या. बरे वाटतेय, मग कशाला, असे तो म्हणाला. गोळी चुकवू नका म्हणणाऱ्या बाईंनीही त्याला टोकले नाही.

चांदूरला बाईही आल्या होत्या, त्यांच्या पिशवीतून मी ताट पाहत होते. दोन धोंडे झाल्यावर गोपालने ताटावर हात आडवा धरला. भागीरथाबाई हसून म्हणाल्या, "बापू, तुमाले बीपी हाय, शुगर थोडीच हाय. धोंड्यात मिठाचा कण नाई टाकला म्या. इहीणबाईले इचारून केलं सारं."

सगळे हसले. पंचफुलाबाईंनी मान डोलावली. स्वयंपाकघराच्या दारात रागिणी उभी होती. तिने तोंड उघडले. आईने तिच्याकडे पाहिले. चारचौघांत, माहेरी, आईच्या हातचे नाकारायचे कसे? तिने तोंड मिटले. गोपालचा हात बाजूला झाला आणि तिसरा धोंडा ताटात पडला.

तीन आठवड्यांत अशी पाच जेवणे झाली. परतीच्या शिदोरीचे धोंडे घरी उरत, ते चहाबरोबर संपत, आणि चहा पुन्हा गोड झाला होता. पाचवे जेवण अकोल्याला, मामांकडे. जेवण झाले, गोपालने पाण्याचा पेला उचलला आणि तो उजव्या हातातून सुटला. त्याने हसायचा प्रयत्न केला, तर तोंड एकाच बाजूला गेले.

"लो झालं, साखर आणा," बाई ओरडल्या. कुणीतरी साखरेचे पाणी धावत आणले. ते त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडले. त्याला ठसका लागला. रागिणीने पेला हिसकावला.

"आई, आधी मशीन लावा."

बाईंनी मला बांधले. दोनशे चौदावर पहिला ठोका आला. त्यांनी काचेवर टकटक केले नाही.

मित्रांनो, एका धोंड्याने हे झाले असे मी म्हणणार नाही, ते खोटे ठरेल. सुटलेल्या गोळ्या होत्या, सात वर्षांचा गोड चहा होता. पण ती सात वर्षे घरातले सगळे चुकीच्या डब्यावर झाकण दाबून बसले होते, एवढे मी पाहिले आहे.

गोपाल जगला. त्याची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. 'पाणी', 'नाही' आणि दामिनीच्या नावाचे पहिले अक्षर, एवढे येते. क्लासमध्ये दुसरे सर आले. आता घरात कुणी साखर खात नाही. बाई रोज सकाळी मला त्याच्या डाव्या दंडाला बांधतात. एकशे चोवीस, ऐंशी. असा सुंदर आकडा मी त्याच्या दंडावर पूर्वी कधीच दाखवला नव्हता. तो आता कुणी कॅलेंडरवर लिहीत नाही.

परवा बाई मला गुंडाळता गुंडाळता थांबल्या. रागिणी शेजारी होती. बाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "म्या अर्धंच सांगतलं वो माय. तिकडं खेड्यायनी किती घरी असे गुळाचे खडे पडले असन?"

रागिणीने मला त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत ठेवले. त्या घरांतली माणसे मला दंडांवरून आठवतात, नावांवरून नाही.

मित्रांनो, माझे रबर आता तडकू लागले आहे, पट्टा फार दिवस हवा धरणार नाही. मला जपा असे मी सांगणार नाही, मी जाईन. तुमच्या घरी नवे यंत्र असेल, तेही आकडाच सांगेल, कारण सांगणार नाही. म्हणून बाबांचा, आईचा आकडा वर दिसला की नुसते मिठाकडे पाहू नका. दिवसभरात काय काय गोड गेले तेही त्यांना विचारा. ते उत्तर देऊ शकतात तोवर विचारा.