टाकीआडचं धुराडं

आमच्या गावाला डोंगर नाही. जे आहे त्याला मी ढीग म्हणतो, आणि माझ्यासमोर कोणी त्याला टेकडी म्हटलं की माझं डोकं फिरतं. खाणीतून कोळसा काढायचा तर वरची माती कुठेतरी टाकावी लागते. ती आमच्या जुन्या गावावर, पळसझरीवर टाकली. माणसं उचलून घुग्घुसच्या रस्त्यालगत नव्या वसाहतीत आणून बसवली, आणि शेतं, विहिरी, मारुतीचा पार, सगळं मातीखाली गेलं. मग वर सुबाभळी लावल्या. आता रविवारी लोक डबे घेऊन चढतात, वर्धा नदीकाठची कापसाची शेतं बघतात, फोटो काढतात आणि ‘काय मस्त व्ह्यू हाय’ म्हणतात. बाबा रे, तू तुझ्या आजोबाच्या छपरावर उभा आहेस, असं सांगायला माझी जीभ शिवशिवते.

अर्थात चढतो मीही. मी हरिदास, एसटीत कंडक्टर होतो. रिटायर झालो तशी साखर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, चाला. खालच्या रस्त्यावर ट्रकवाले चालू देत नाहीत, म्हणून ढीग. हळूहळू वसाहतीतले आणखी काही म्हातारे मागे लागले आणि आमचं ‘पायदळ मंडळ’ झालं. ‘चला, पुढं सरका, पुढं सरका’ करत मी त्यांना वर नेतो. वर जाऊन आम्ही दम खातो, ज्याच्या त्याच्या सुनेची निंदा करतो आणि उतरतो.

लटारू मंडळात नव्हता. त्याचं घर माझ्या शेजारी, मधे एकच भिंत. तो ढिगावर वर्षातून एकदाच जायचा, पौषात, बायकोला घेऊन. त्यांचा मिथुन चार वर्षांचा असताना तापाने गेला होता. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. लटारूने त्याला शेताच्या बांधावर पळसाखाली ठेवला होता. पुढे शेत खाणीने घेतलं. माती पडायच्या आधी लटारू त्या बांधावर दिवसभर उभा राहिला आणि खुणा धरून आला. तिथून समोर पाहिलं की सिमेंट कारखान्याचं धुराडं पाण्याच्या टाकीआड बरोबर लपतं. उजवीकडे पाहिलं की महादेवाच्या देवळाचा कळस रेल्वेपुलाच्या पहिल्या खांबावर येतो. खाली माती कितीही चढो, या दोन खुणा एकाच जागेवरून जुळणार. ढीग तयार झाल्यावर त्याने वर जाऊन त्या जुळवल्या आणि आशाबाईला म्हणाला, इथी हाय आपला पोरगा, पायाखाली. तेव्हापासून दरवर्षी दोघं त्या जागी फुटाणे ठेवून यायची. मिथुनला फुटाणे फार आवडायचे.

मग आशाबाईचे गुडघे गेले आणि लटारू एकटा जाऊ लागला. तो परत आला की ती दारातच विचारायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

“पोरगं?”

“ठीक हाय.”

एवढंच बोलणं. जणू हा त्याला शाळेत सोडून आला आहे.

यंदा दिवाळीनंतर लटारू गेला. अस्थी वर्धेत सोडल्या, पण आशाबाईने मूठभर राख मागे ठेवली. पांढऱ्या फडक्यात पुरचुंडी बांधून तिने ती अंगणातल्या पेरूच्या फांदीला टांगली. घरात नेत नाहीत म्हणे. मी विहारात जाणारा माणूस, मला त्यातलं फार कळत नाही. पौष लागला तशी ती माझ्या दारात उभी राहिली.

“हरिदासभाऊ, मले ढिगावर घेऊन चाला जी. त्याईले पोराजवळ ठेवाचं हाय.”

“आन् गुडघे, बाई? तुमाले घरची पायरी चढवत नाई.”

“एक डाव चढते. मंग गुडघ्याचं काई बी होवो. लेकरू इतके वर्सं एकटं पडून हाय. बापाची सोबत करून देते, मंग मले चिंता नाई.”

रविवारी मंडळाला सुट्टी दिली आणि आम्ही दोघंच निघालो. तिच्या एका हातात काठी, पदरात पुरचुंडी आणि फुटाण्याची पुडी. खाली टँकर रस्त्यावर पाणी मारत चालला होता. खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पंपाने उपसायचं आणि धूळ बसावी म्हणून रस्त्यावर शिंपडायचं, असा कारभार आहे. धूळ बसते आणि चिखल आमच्या धोतरावर उडतो. मी टँकरवाल्याला दोन शिव्या हासडल्या. आशाबाई म्हणाली, “चाला ना भाऊ, सकाळी सकाळी काऊन तोंड खराब करता?”

चढायला फार वेळ लागला. ती दहा पावलं टाकायची आणि बसायची. एका ठिकाणी तर बसून, हातांनी सरकत चढली. मी म्हटलं, परत जाऊ. तिने ऐकलंच नाही.

वर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तिला लांबचं नीट दिसत नाही, त्यामुळे खुणा मीच पाहायच्या होत्या. सुबाभळीतून डावीकडे सरकत गेलो तसं धुराडं टाकीजवळ आलं, अर्धं लपलं, मग पुरतं लपलं.

“लपलं?”

“लपलं.”

“आता उलटं उलटं मागं चाला. कळस खांबावर येऊ द्या. असेच चालत होते ते.”

ती काठी टेकत पुढे आणि मी टाकीवर नजर ठेवून मागे मागे. कळस हळूहळू पुलाकडे सरकत होता. अजून बराच अलीकडे होता तेव्हा माझ्या पाठीला काटेरी तार लागली. मी वळून पाहिलं. तारेपलीकडे ढीगच नव्हता.

ढीग पलीकडच्या अंगाने पुन्हा खोदायला घेतलाय, खाली कोळसा राहून गेला होता, हे मी ऐकून होतो. आमचं मंडळ अलीकडूनच वळतं. मिथुनची जागा त्याच अंगाला असेल हे मी कधी ताडून पाहिलं नव्हतं. समोर हा एवढा खड्डा होता. तळाशी हिरवट पाणी, त्याच्या काठावर पंप आणि बाजूला काळा थर खरवडणारं यंत्र. आमची माती, तिच्याखालचं शेत, बांध, पळसाची जागा, सगळं उपसून झालं होतं.

“कळस कुठी हाय, भाऊ?”

“येऊन राह्यला,” मी म्हणालो.

“मंग थांबले काऊन?”

ती तारेजवळ आली. खालचं तिला किती दिसलं कोण जाणे, पण यंत्राचा आवाज खालून येतो आहे हे कळलं असणार. मी घाईघाईने म्हटलं, “बाई, ते टाकी नवीन हाय. जुनी पाडली ना. खूण चुकून राह्यली आपली.”

“टाकी थेच हाय,” ती म्हणाली. “त्या टाकीच्या कामावर म्या गिट्टी वाह्यली.”

इतकी वर्षं तिकिटं फाडताना लोकांशी हुज्जत घातली, पण या बाईशी कशी घालणार? रडू येत होतं आणि कोणाची तरी गचांडी धरावीशी वाटत होती. धरायला समोर कोणी नव्हतं. यंत्र चालवणारा एवढासा दिसत होता आणि तोही आमच्यासारखाच कोणाचा तरी पोरगा.

“हे कवा खोदलं?”

“झाले तीनेक वर्सं.”

ती खाली बसली. बोटांच्या पेरांवर वर्षं मोजू लागली.

“मंग हे कुठी जात होते, भाऊ?”

मी तारेत अडकलेला तिचा पदर सोडवू लागलो.

“फुटाणे घेऊन जायेत. रिकाम्या हातानं येत. मी विचारो, पोरगं? त ठीक हाय म्हणत. मागच्या पौषात बी म्हणले.” ती खड्ड्याकडे न पाहता बोलत होती. “इथी येऊन बसत असन एकटेच. मले नाई सांगतलं.”

“तुमाले तरास होईन म्हणून...”

“माती कुठी टाकली?”

“काई रेल्वेच्या भरावात, काई ह्या खालच्या रस्त्यात. काई त्या नवीन ढिगावर. आता कसं सांगता येईन, बाई?”

तिने पुरचुंडी पदरातून काढली, मांडीवर ठेवली. “मंग त्याईले कुठी ठेवू?”

“इथीच सोडा,” मी म्हणालो. “खाली पाणी हाय.”

“थे पाणी त काढून नेतेत.”

तिने पुरचुंडी पुन्हा पदरात बांधली. फुटाण्याची पुडीही सोडली नाही. उतरताना तिचे गुडघे पार गेले. अर्ध्या वाटेवर मी तिला पाठुंगळीला घेतलं, आणि एवढी वर्षं एकमेकांना भाऊ-बाई म्हणणारे आम्ही दोघं म्हातारे तसेच खाली आलो.

रस्त्याला लागून तिला खाली उतरवलं तर तोच टँकर परत फिरला होता. मी तिला कडेला ओढलं. पाणी दोन्ही बाजूंनी फवारत तो गेला आणि सगळा रस्ता काळा ओला झाला. सवयीने माझ्या तोंडात शिवी आली. आशाबाई काठीवर वाकून चपला काढत होती. मी म्हटलं, बाई, गिट्टी टोचते. ती तशीच अनवाणी, ओल्यातून पाय घासत घरापर्यंत गेली. मागचा ट्रक भोंगे वाजवत होता.

संध्याकाळी मी अंगणात होतो. अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे ती पेरूच्या झाडाला धरून उभी राहिलेली दिसली. तिने पुरचुंडी पुन्हा त्याच फांदीला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग हळू आवाजात त्या पुरचुंडीला म्हणाली, “पोरगं ठीक हाय.”