बाबांचा घसरलेला सूर

लेकीने बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि स्वतः नखं खात बसली. बाबांनी तरुणपणी रेडिओवर गायलेलं एकुलतं एक गाणं तिने कॉम्प्युटरवर नव्याने बांधलं होतं. खाली दणदणीत ठेका, वर बाबांचा आवाज. उद्या ते लोकांसमोर येणार होतं, फक्त बाबांचा होकार बाकी होता. बाप खूश होऊन पाठीवर थाप देणार, या आशेवर बाईसाहेब बसल्या होत्या.

बाबांचा चेहरा मात्र उतरत गेला. त्यांनी हेडफोन काढून अगदी हळू टेबलावर ठेवले. आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलेलं. रागावले तरी वस्तू आपटायचे नाहीत.

"मी एकदाच चुकलो होतो गं," ते म्हणाले. "तू तर मला सारखं चुकायला लावतेयस."

ती बुचकळ्यात पडली. अंतऱ्यात वरच्या सुराला बाबांचा आवाज जरासा घसरतो, तीच तर तिची लाडकी जागा! लहानपणी टेप मागेपुढे करून ती तेवढंच ऐकायची. आताही तोच तुकडा उचलून तिने गाणंभर फिरवला होता.

"त्या एका सुरापायी गाणं सोडलं मी. परत तोंड उघडायची हिंमतच झाली नाही."

घ्या! करायला गेली एक आणि झालं भलतंच.

"नीट करता येतो का तो?" बाबांनी विचारलं.

येत होता. तिने माऊस फिरवला, सूर जागच्या जागी बसला. बाबांनी पुन्हा ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "लागला!" ते ओरडले. तिला मात्र त्या सरळसोट सुरात बाबा कुठे सापडेनात. बापाच्या आनंदात नाचावं की कपाळ बडवावं, काही सुधरेना.

मग बाबांची नजर माऊसकडे गेली. "एवढंसंच काम होतं?"

"तेव्हा हे मशीन नव्हतं, बाबा."

"माणसं होती ना. एकानेही म्हटलं नाही, असू दे, गात राहा."

"मला तर तीच जागा सगळ्यात आवडते. लहानपणापासून."

"मग कधी बोलली का नाहीस?"

तिला वाटायचं, त्यांना माहीतच असेल. स्वतःचं गाणं कुणाला माहीत नसतं?

बाबांनी हेडफोन पुन्हा चढवले. "आधी ऐकवलंस तेच लाव. आवडतं तिथे बोट वर कर."

गाण्यासोबत पडद्यावरची रेघ सरकत त्या जागेवर आली आणि तिने बोट वर केलं. बाबा त्या बोटाकडे बघत राहिले. हसतायत की रडतायत, तिला कळेना. तुकडा तिनेच गाणंभर फिरवलेला. बोट खाली घ्यायला सवडच मिळेना.