चहाबरोबर एक गोळी

बटाट्याच्या शेतावर सकाळी दोन गोष्टी फुकट मिळायच्या. चहा आणि अंगदुखीची गोळी. मुकादम बरणी घेऊन बांधावर उभा राहायचा. बाया एक हात चहाला पुढं करायच्या, दुसरा गोळीला. जिची सरी मागं पडे, तिला दोन. चौदा वर्षं हे चाललं होतं, आणि आपण फार दानशूर आहोत असं मुकादमाला मनापासून वाटायचं.

त्या सकाळी एका म्हाताऱ्या मजुरणीच्या सुनेनं बरणीच ओढून घेतली.

"आमच्या सासूबाईंना आजपासून गोळी नाही."

"का? दुखायचं थांबलं?"

"लघवी थांबत आलीय. पाय बघा त्यांचे, भोपळे झालेत नुसते!"

आदल्याच दिवशी सून सासूला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती.

"रोजच्या गोळ्या कोण देतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मुकादम."

"डॉक्टर आहे तो?"

"नाही, बटाटे मोजतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. तरी मुकादम काही डॉक्टर झाला नाही. मग त्या म्हणाल्या, "एखाद्या दिवशी घेतली तर ठीक. पण रोज, उपाशीपोटी, उन्हात, पाण्याचा घोट नाही? मूत्रपिंडं निम्मी गेलीत यांची. उरलेली तरी सांभाळा."

हे सगळं सुनेनं बांधावरच सांगितलं. मुकादम हसला.

"अगं, गांजा वाटतोय का मी? किराणा दुकानात साबणाशेजारी मिळते ही. कायद्यानं चालते."

तेच तर सुनेच्या डोक्यात गेलं होतं. दवाखान्यातून ती तडक चौकीत गेली होती. हवालदारानं तळहातावर तंबाखू मळत सगळं नीट ऐकून घेतलं.

"दारू आहे?"

"नाही."

"अफू?"

"नाही हो."

"मग गुन्हा कशाचा नोंदवू, ताई? बरं वाटण्याचा?" आणि त्यानं चिमूट ओठाखाली ठेवली. तीही कायद्यानं चालते. पण तंबाखूच्या पुडीवर निदान सडक्या जबड्याचं चित्र तरी असतं. गोळीच्या पाकिटावर कंबर धरून हसणारी बाई होती. कंबर धरून हसणारी बाई सुनेनं उभ्या आयुष्यात तेवढी एकच पाहिली.

"दे गं बरणी," सासूच खेकसली. "चौदा वर्षं खातेय, मेले का?"

"निम्म्या मेलात, आई. काल मोजून सांगितलंय."

"सासूबाईंचं काय ते तू बघ ना," सुनेची मोठी जाऊ कडाडली. "गोळी नसली तर मी वाकू कशी? तू येतेस का माझ्या जागी वाकायला?"

सुनेचं डोकं फिरलं. तिनं झाकण उघडलं, बरणी सरीत उपडी केली आणि गोळ्या टाचेनं चिखलात तुडवल्या.

"अगं भवाने! बटाट्यांना कशाला घालतेस?" मुकादम ओरडला.

"घेऊ देत. उपटताना त्यांचंही दुखत असेल."

पहिला तासभर बाया खुरप्याच्या प्रत्येक घावाला तिला शिव्या घालत होत्या. मग ऊन चढलं. मोठी जाऊ ताठ व्हायला गेली आणि अर्ध्यातच अडकली.

"आई गं!"

पलीकडच्या सरीतून दुसरी कण्हली. मग तिसरी. कुणाची मूठ मिटेना, कुणाचा गुडघा उघडेना. चौदा वर्षं गोळीखाली दाबून ठेवलेलं दुखणं एकदम वर आलं आणि अख्खं शेत कण्हायला लागलं. एक बसली, तशा सगळ्या बसल्या.

"उठा! मालक येतील!"

"येऊ दे की," मोठी जाऊ म्हणाली. आता तिच्या शिव्यांचं तोंड मुकादमाकडं वळलं होतं. "मेल्या, एवढं दुखतंय आणि मला पत्ताच नाही? माझ्याच अंगातलं मलाच कळू दिलं नाहीस?"

मालक मोटारसायकलवरून आला. रस्त्यावरूनच त्याला कण्हणं ऐकू आलं होतं.

"कोण मेलं?"

"अजून कुणी नाही," सून म्हणाली. "म्हणूनच बसलोय. पाणी पाहिजे. दर तासाला सावलीत बसायला पाहिजे. आणि बरणी पुन्हा शेतावर दिसता कामा नये."

मालकानं तिच्याकडं पाहिलं, न काढलेल्या सऱ्यांकडं पाहिलं, डोंगरामागून चढणाऱ्या काळ्या ढगाकडं पाहिलं. ढगाला गोळी देता येत नव्हती.

"पाणी आण," तो मुकादमाला म्हणाला.

मुकादम विहिरीवरून दोन हातांत दोन कळशा घेऊन सरीसरीतून फिरू लागला. तिसऱ्या खेपेला त्याचाही हात कमरेवर गेला.

सासू लिंबाखाली टेकली होती. दोन तांबे पाणी पिऊनही तिचा चेहरा पिळवटलेलाच होता.

"फार दुखतंय गं."

"माहितीये, आई. गिळू नका आता. ओरडा."

सासू ओरडली. आधी आईच्या नावानं. मग मुकादमाच्या आईच्या नावानं.