संताच्या फळीचा घाम

"फळीला घाम आला! संताला दया आली!" आमच्या चीजच्या तळघराचा राखणदार कुस्तोदियू ओरडला आणि तिथं बायका एकमेकींवर कोसळल्या. मेंढीच्या दुधाचं चीज आम्ही ज्या जुन्या फळीवर पिकवतो, तिच्यावर बुळबुळीत थर चढला होता. फळी घासली तर चव जाते, ही आमच्या पोर्तुगालमधल्या आलेंतेजो भागाची पिढीजात समजूत, आणि त्या लबाडानं तिचाच धंदा मांडला. "पोटुशीनं चाटावं, बाळ धडधाकट होतं," म्हणे!

माझी धाकटी बहीण इदालिना सातव्या महिन्यात होती. मागच्या खेपेलाही तिनं हाच घाम चाटला, पंधरवड्यानं तापानं फणफणली आणि मूल पोटातच गेलं. "तुझी श्रद्धा कच्ची," कुस्तोदियू तोंड वर करून म्हणाला होता. आणि ही बया पुन्हा रांगेत!

"ताई, या वेळी अगदी मनापासून चाटते गं."

"थोबाड फोडीन. सरक मागे!"

तेवढ्यात आमची मावसबहीण दोरोतेया आली. ती लिस्बनला जंतूंवर काम करते. इदालिनाचं मूल गेलं तेव्हाच तिनं हा थर खरवडून नेला होता. आता तिच्या हातात दोन सीलबंद बरण्या होत्या. एकीतलं लाकूड बुळबुळीत, दुसरीतल्यावर जेमतेम ओल.

"काका, लाकूड एकच, जंतू एकच. दोन्हींत चीजचं उरलेलं पाणी घातलंय, तुम्ही रोज सकाळी फळीला चोपडता तेच. मग संत एकाच बरणीवर का रुसला?"

"मी सकाळी प्रार्थना करतो!"

"बादली घेऊन?" मी विचारलं. मी स्वतः पाहिलं होतं मेल्याला. बायका हसल्या.

"जंतूच्या आत कामाच्या चिठ्ठ्या फिरतात, आरएनए म्हणतात त्यांना," दोरोतेया म्हणाली. "कुठली चिठ्ठी ठेवायची, कुठली फाडायची, ते एक विकर ठरवतं. कात्रीच समजा. दुसऱ्या बरणीतल्या जंतूची ती कात्री मी काढली. त्याला धड थर जमवता येईना, माणसाच्या पेशीत शिरणंही जड गेलं. फळीवरच्याची कात्री शाबूत आहे. लिस्टेरिया आहे तो. आईला नुसता ताप येतो, बाळ मात्र दगावतं."

कुस्तोदियू जिन्याकडे सरकला. कुणी अडवलं नाही.

इदालिनानं हळूच विचारलं, "म्हणजे माझी श्रद्धा कच्ची नव्हती?"

"नाही गं. फळी घाण होती."

ती हमसून रडली. मी फळी उचलून भट्टीत घातली. बायांनो, चमत्काराला नमस्कार करायचाच असेल तर करा. पण आधी फळी घासा, आणि तरीही घाम येतो का ते बघा.