उशिराचं कारण

कौमुदीने परीक्षेआधीच्या वीस दिवसांचं वेळापत्रक आखलं ते थेट वडिलांच्या वळणावर. दिवाकरराव रेल्वेच्या कंट्रोल रूममधून निवृत्त झाले होते. कोणती गाडी कुठे, किती मिनिटं आणि कशामुळे रखडली हे लिहिण्यात बत्तीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर तीच शिस्त त्यांनी लेकीला लावली. अभ्यास मागे पडला की वहीत समोर कारण लिहायचंच. ‘बरं वाटत नव्हतं’ असलं मोघम काही चालायचं नाही.

एमएस्सीच्या मागच्या सेमिस्टरला तिची फिजिकल केमिस्ट्री राहिली होती. या खेपेलाही राहिली तर वर्षच बुडणार होतं. पण कौमुदी हाय खाणाऱ्यांतली नव्हती. सकाळी रायपूरच्या बूढापाऱ्यातून कॉलेजसाठी नवा रायपूरची बस पकडायची, पाचला घरी, आणि सहा ते नऊ फक्त हा विषय. रोजचे तीन तास मिळाले तर पेपर निघालाच समजा, असं तिने आईला, विमलाबाईंना, ठणकावून सांगितलं होतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी दिवाकररावांनी वही तपासली. बाकीचे विषय वेळेवर होते, हा एकटा चार दिवसांनी मागे. झालं, त्यांचा पारा चढला. मोबाइल, मैत्रिणी, आजकालची पोरं, सगळ्यांचा उद्धार झाला. कौमुदीने वहीचं पान पुन्हा त्यांच्यापुढे धरलं. चूक आपली नाही याची तिला पक्की खात्री होती.

“बाबा, कारणाचा रकाना तुम्ही वाचलाच नाही,” ती म्हणाली.

त्यांनी वाचला. ‘सात ते सव्वाआठ, बाबांच्या मित्रांचा चहा.’ खालच्या ओळीत तेच. दहाच्या दहा ओळींत तेच. रोज सातला विनायकराव आणि रामकृष्णजी येत, जुन्या गाड्यांच्या गप्पा रंगत, आणि चहा लागे तो कौमुदीच्याच हातचा. मग पोहे, मग दुसरा चहा. पोट्टी चहा फर्स्ट क्लास करते, हे दिवाकरराव रोज कौतुकाने सांगत.

“मंग तोंडानं काहून नाही बोलली?”

“तोंडी कारण कंट्रोल घेत नाही, तुम्हीच म्हणता ना. म्हणून लिहून राहिली होती.”

विमलाबाईंना हसू आवरेना. दिवाकररावांचा चेहरा मात्र उतरला, आणि ते पाहून कौमुदीला वाईटही वाटलं. त्यांनी पेन मागितलं आणि दहाही ओळींसमोर सही केली. नोकरीत कोणाचं कारण त्यांनी इतक्या सहजी मान्य केलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. कौमुदी सवयीने उठली.

“बस तू,” ते म्हणाले आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले. भांड्यांची आदळआपट झाली, दूध उतू गेल्याचा वास आला. कौमुदीने खोलीचं दार लावलं आणि पुस्तक उघडलं. आठ वाजून गेले तरी तिला कोणी हाक मारली नाही.

बाहेर विनायकराव चहात साखर नसल्याची तक्रार करत होते.

“पोट्टीचा पेपर होईपर्यंत असाच भेटंल,” दिवाकरराव म्हणाले. “नसंल चालत, तर उद्यापासून आपण तुमच्या घरी बसू.”