दोन घरांचं पाणी

दिवाकरभाऊंनी केळीचं शेवटचं मुनवं खड्ड्यात उभं केलं, पायाने माती दाबली आणि चार पावलं मागे सरून पाहिलं. टँकरच्या चाकांनी पाडलेल्या चरी आता दिसत नव्हत्या. फाटकापासून विहिरीपर्यंत केळीच्या दोन रांगा उभ्या होत्या. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. पंचायत समितीवर निवडून आल्यापासून त्यांनी कुदळीला हात लावला नव्हता, आणि आज लावला तो असल्या कामासाठी, असं मनात आलं तसं त्यांनी ते झटकून टाकलं.

"मोटर?"

"जूचंद्रला भावाकडं नेऊन ठेवली. पेंढ्याखाली," नथू म्हणाला. नथू वाडीवरचा गडी. मोटर चालू करणं, बंद करणं, टँकर भरून देणं सगळं त्याच्याकडेच असे. कुदळ खांद्यावर टाकून तो घुटमळला. "भाऊ, पानी मातर..."

"पाण्याचं मला सांगू नकोस. दुसऱ्या पायरीपर्यंत चढलंय, मी बघितलंय."

आठवडाभर उपसा बंद ठेवल्यावर पाणी खरंच चढलं होतं. दिवाकरभाऊंना त्याचा केवढा अभिमान वाटत होता. जणू विहीरही त्यांच्याच पक्षाची होती.

हे झेंगट त्यांनी स्वतःच गळ्यात घालून घेतलं होतं. थंडीत उमेळ्याच्या ग्रामसभेत शेजारच्या वाडीचा सॅन्टन उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दिवाकर, स्टेशनजवळ बिल्डिंगा उठतायत त्या तुझ्या विहिरीच्या पाण्यावर. तू गोडं पाणी उपसून विकतोस आणि खाडी गावच्या विहिरींत शिरते." अक्षर न अक्षर खरं होतं. एरवी गाव ते चार दिवसांत विसरलंही असतं. पण पुढच्या खुर्चीवर तालुक्याचे अध्यक्ष बसले होते, आणि जिल्हा परिषदेचं तिकीट कुणाला द्यायचं हे त्यांच्या हातात होतं. दिवाकरभाऊंनी तिथल्या तिथे टोला हाणला, "ज्याला स्वतःच्या पानवेली जगवता येत नाहीत, त्याने माझ्या विहिरीत डोकावू नये." लोक हसले. सॅन्टन खाली बसला. तेवढ्यावर भागलं असतं.

पण दिवाकरभाऊंना भागवायचं नव्हतं. होळी झाल्यावर त्यांनी वसईच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. अब्रूची किंमत एक लाख लावली. त्यांचे वकील आत्मारामपंत तेव्हाच म्हणाले होते, "भाऊ, कोर्टात आपण विचारायला जातो, पण तिथे उत्तरंही द्यावी लागतात." दिवाकरभाऊंनी ते हसण्यावारी नेलं. मग सॅन्टनच्या वकिलाने अर्ज दिला की टँकर भरले जातात की नाही हे विहीरच सांगेल, आणि जज्जसाहेबांनी विहीर पाहायला कमिशनर नेमला.

"दावा मी लावलाय आणि झडती माझीच?" दिवाकरभाऊ ओरडले होते.

"अब्रू गेली म्हणालात ना," आत्मारामपंत म्हणाले, "मग ती होती का, ते बघायला येणारच."

हात धुऊन दिवाकरभाऊ न्हाणीत शिरले. साबण घासघास घासला तरी फेस येईना. हल्ली रोजचंच झालं होतं.

"साबणवालेसुद्धा चोर झालेत," ते आतून म्हणाले. "सगळी भेसळ."

दाराबाहेर सुभद्राबाई पंचा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ओठ उघडले, मिटले. दावा लागल्यापासून सॅन्टनच्या घराचं नावही ह्या घरात काढायचं नाही, असा हुकूम होता. ते नाव न काढता सांगता येईल असं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "आज त्या लोकांसमोर पाण्याचं फार बोलू नका."

"दावाच पाण्याचा आहे. मग काय हवापाण्याच्या गप्पा मारू?" असं म्हणून ते स्वतःच्या विनोदावर हसले.

कमिशनर ऊन चढल्यावर रिक्षाने आले. तरुण वकील, बगलेत फाइल, हातात दोन रिकाम्या बाटल्या. त्यांच्या मागोमाग आत्मारामपंत आले. सॅन्टन कुंपणाच्या बाजूने आला आणि टोपी हातात धरून कडेला उभा राहिला. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. लहानपणी ह्याच अंगणात दोघं एका ताटात जेवले होते, पण आज तो प्रतिवादी होता.

कमिशनरांनी फाटकापासून विहिरीपर्यंत एक फेरी मारली.

"इकडे केळी अशा दोनच रांगांत लावतात का? गाडीच्या चाकांएवढ्या अंतरावर?"

नथूने खाली पाहिलं. दिवाकरभाऊंनी विषय बदलला. "आधी बसा साहेब. उन्हातून आलात, पाणी घ्या. अहो, पाणी आणा! आणि आपल्या केळ्यांची सुकेळी आणा."

सुभद्राबाई तांब्या-पेला घेऊन आल्या. कमिशनर घटाघटा प्याले, पुन्हा पेला पुढे केला, पुन्हा प्याले.

"पाणी छान आहे हो."

दिवाकरभाऊ ह्याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी मांडीवर हात मारला. "लिहून घ्या साहेब! आमच्या विहिरीचं आहे. माझ्या वडिलांनी खणलेली. रोज टँकर उपसले असते तर असं गोड राहिलं असतं? हे म्हणतात खारं झालं. तुम्हीच सांगा, खारं आहे?"

"अहो, जरा आत येता का?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"आत्ता नाही."

"जरा..."

"आत्ता नाही म्हटलं ना!"

आत्मारामपंतही खूश झाले. "नोंद घ्यावी," ते वकिली आवाजात म्हणाले, "वादीने आपल्या विहिरीचे म्हणून प्यायला दिलेले पाणी कमिशनरांनी स्वतः चाखले, ते गोड होते." कमिशनरांनी शब्द न शब्द लिहून घेतला. सॅन्टन सुभद्राबाईंकडे पाहत होता. मग त्याने नजर काढून घेतली आणि टोपीची कड बोटांनी दुमडत राहिला.

"आता नमुना घेऊ," कमिशनर उठले. "सगळ्यांसमोर विहिरीतून काढायचा असा हुकूम आहे."

नथूने पोहरा सोडला. पाणी वर असल्यामुळे दोर फार सोडावा लागला नाही. पोहरा वर आला, कमिशनरांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडाला लावलं. त्यांचा चेहरा बदलला. थुंकणं बरं दिसणार नाही म्हणून त्यांनी ते गिळलं, पण पुढचा घोट घेतला नाही.

"आपण बघा," ते दिवाकरभाऊंना म्हणाले.

दिवाकरभाऊंनी ओंजळ भरली. तोंडात घेतलं आणि जीभ आखडली. खारट. मिठागराच्या बांधावर उभं राहून घोट घ्यावा इतकं खारट. ते विहिरीकडे बघत राहिले. पाणी वर चढलं होतं हे खरं, पण वर चढलेली ती खाडी होती.

"हे कधीपासून?" त्यांनी नथूला विचारलं.

"होळीपासून," नथू म्हणाला. "मी सांगाया येत होतो, भाऊ. बिल्डिंगवाले तर कवाचे कुरकुरतात."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. कमिशनरांनी मात्र मान वर न करता तेवढंही लिहून घेतलं. दोन बाटल्या भरल्या, बुचांवर लाख लावली. मग त्यांची नजर ओट्यावरच्या तांब्याकडे गेली.

"मग मघाशी मी प्यालो ते पाणी कुठलं?"

"त्याचा दाव्याशी संबंध नाही," आत्मारामपंत घाईने म्हणाले.

"वकीलसाहेब, तुमच्याच सांगण्यावरून मी ते लिहिलंय. आता पुरं लिहावं लागेल." ते सुभद्राबाईंकडे वळले. "बाई, घरात प्यायचं पाणी कुठून आणता?"

मग कडेने आवाज आला.

"असू दे साहेब," सॅन्टन म्हणाला. "विहीर बघायला आलात, विहीर बघितलीत. घरातल्या बाईमाणसाला कशाला विचारता?"

त्याच्या बाजूचा निकाल त्या एका उत्तरात होता, आणि तोच ते उत्तर नको म्हणत होता. दिवाकरभाऊंना ते कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, ह्या माणसाने मला चारचौघांत शिवी दिली असती तर फार बरं झालं असतं.

सुभद्राबाईंनी पदर सावरला. "ह्यांच्याकडून," त्या म्हणाल्या आणि हाताने कुंपणापलीकडे दाखवलं. "होळीपासून. आमच्या घरात तेच पितात. हेसुद्धा."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं दिवाकरभाऊंना. दावा लावला त्या दिवशी कोर्टातून येऊन ते तांब्याभर पाणी प्याले होते आणि म्हणाले होते, सॅन्टनला चांगलं पाणी पाजतो आता. सुभद्राबाई तेव्हा समोरच उभ्या होत्या.

"मग प्रतिवादीची विहीरही बघायला हवी," कमिशनर म्हणाले.

सगळे कुंपणाकडे निघाले. अडुळशाच्या दाट कुंपणात एक फट होती. फटीतून जाणारी पायवाट गुळगुळीत झाली होती, आणि पलीकडे जिथे जमीन खाली उतरत होती तिथे कुणीतरी पाय ठेवायला सपाट दगड बसवला होता. डोक्यावर हंडा असलेल्या बाईचा तोल जाऊ नये म्हणून. दिवाकरभाऊंनी आपल्याच वाडीतली ही वाट कधी पाहिली नव्हती.

सॅन्टनच्या वाडीत पानवेली वाळून आधाराच्या काठ्यांना लटकल्या होत्या. एकही हिरवं पान नव्हतं. विहिरीवर एमिली होती, सॅन्टनची बायको. तिने न विचारता पोहरा सोडला. दोर बराच वेळ खाली जात राहिला. तळाचं थोडंसं पाणी वर आलं. कमिशनरांनी चाखलं आणि मान हलवली. मघाचीच चव.

"पाणी तर गोड आहे," ते वाळलेल्या वेलींकडे बघत म्हणाले, "मग ह्या का जाऊ दिल्या?"

एमिलीने नवऱ्याकडे पाहिलं, मग दिवाकरभाऊंकडे, आणि साधेपणाने म्हणाली, "आम्ही मोटर काढून ठेवली साहेब. वाडीला लावलं तर आठ दिवसांत ह्याच्यातपण खाडी येईल. मग नुसतं प्यायचंच ठेवलंय. दोन घरांचं."

"दोन घरांचं?"

"पूर्वी आमच्या विहिरीला पाणी नव्हतं तेव्हा सासूबाई त्यांच्याकडून न्यायच्या. आता वहिनी आमच्याकडून नेतात." त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

वाळक्या वेलींपुढे दिवाकरभाऊ उभे होते. ज्याला स्वतःच्या पानवेली जगवता येत नाहीत. ग्रामसभेतलं ते हसू त्यांना आता ऐकू येत होतं. होळीनंतर प्यालेला प्रत्येक पेला ह्या वेलींच्या तोंडचा होता, आणि तो प्यायलेल्या तोंडाने ते ह्या माणसाला कोर्टात खेचून गावभर खोटारडा म्हणत होते. त्यांना सॅन्टनकडे पाहायचं होतं. मान वर होईना.

कमिशनरांनी अहवाल वाचून दाखवला. केळीच्या दोन रांगा, खारी विहीर, नथूचं बोलणं, गोड पाण्याचा तांब्या, सगळं त्यात होतं. "काही हरकत?" त्यांनी विचारलं.

"नाही," दिवाकरभाऊ म्हणाले आणि सही केली.

परत येताना आत्मारामपंत हळूच म्हणाले, "उद्याच दावा मागे घेऊ. पण अहवाल आता कोर्टाचा झाला, भाऊ. तो काही मागे घेता येणार नाही. अध्यक्षांच्या कानावर जाईलच."

दिवाकरभाऊंनी ऐकलं की नाही, कळलं नाही. अध्यक्षांचं नाव काढलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

उन्हं उतरली तरी ते ओट्याच्या पायरीवरच बसून होते. दुपारपासून पोटात पाणी नव्हतं. जिभेवर अजून विहिरीचं मीठ होतं आणि घसा कोरडा पडला होता. तांब्या हाताशीच होता, पण त्याला शिवायला हात धजत नव्हता. अंगणात सकाळी लावलेली मुनवं उन्हाने माना टाकून पडली होती. नथूने त्यांना पाणी घातलं नव्हतं. घालायला होतं ते घालून उपयोग नव्हता.

आतून हंडा घासल्याचा आवाज आला. मग सुभद्राबाई चुंबळ आणि हंडा घेऊन दारात आल्या आणि थांबल्या. पायरी अडली होती. रोज त्या मागच्या दाराने जात. आज का कोण जाणे, पुढून आल्या होत्या. जाऊ म्हणून विचारलं नाही, नको का म्हणूनही विचारलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

कुंपणापलीकडून एमिलीची हाक आली. रोजची असावी, तशीच.

"वहिनी, या हो लवकर! मी पोहरा सोडलाय."

सुभद्राबाई हलल्या नाहीत. दिवाकरभाऊंना काहीतरी बोलावंसं वाटलं. जा म्हणायचा तोंडाला हक्क राहिला नव्हता, आणि नको म्हणायची कोरड्या घशाला ताकद नव्हती. त्यांनी मान खाली घातली. मग पाय जवळ ओढून घेतले आणि अंग चोरून भिंतीला टेकले, हंडा घेऊन बाईला उतरता येईल एवढी जागा करून.